फायबरच्या होडीतलं लाकूड

पुण्यातल्या माणसानं होडीवर बोलायचं म्हटलं, की लोक आधी हसतात. 'तुमच्याकडे पाणी कुठंय?' असं मुंबईकर विचारतात आणि आपण मुकाट्यानं विषय बदलतो. खरं तर या शहरात १८६८ साली स्थापन झालेला रॉयल कॅनॉट बोट क्लब आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आणि त्याची रेगाटा आहे, बोट क्लबच्या नावाचा रस्ता आहे. सारसबागेतल्या गणपतीला आपण अजूनही 'तळ्यातला गणपती'च म्हणतो. दापोडीला लष्कराच्या इंजिनिअर दलाचं महाविद्यालय आहे. त्याच दलाच्या अधिकाऱ्यांनी 'तृष्णा' या शिडाच्या नौकेतून १९८५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा सुरू केली आणि जानेवारी १९८७ मध्ये ती मुंबईत पूर्ण केली. ३७ फुटांची ती नौका फायबरची होती, आणि निघाली तेव्हाही ती नवी नव्हती. तेव्हा पुण्याचा आणि होडीचा संबंध नाही, असं कुणी म्हणू नये.

माझा स्वतःचा संबंध पाण्यापेक्षा फायबरशी. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझी उमेद या कामात गेली. छपरं, टाक्या, यंत्रांची झाकणं, बसचे दर्शनी भाग, असं काय काय आम्ही साच्यातून काढलं. त्यामुळे एका जुन्या फायबरच्या होडीचं आतलं काम करायचं ठरलं, तेव्हा मला बोलावणं आलं. आज त्या कामाविषयी सांगणार आहे.

आधी फायबर म्हणजे काय, ते थोडक्यात. काचेचे केसासारखे बारीक धागे, त्यांची चटई किंवा विणलेलं कापड आणि त्यात जिरवलेलं पॉलिएस्टर रेझिन. रेझिनमध्ये ॲक्सिलरेटर आणि कॅटॅलिस्ट मिसळला, की काही मिनिटांत ते तापायला लागतं आणि दगडासारखं घट्ट होतं. (ही दोन द्रव्यं एकमेकांत थेट कधीही मिसळायची नाहीत, स्फोट होतो. आमच्या कामावर नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच सांगितलं जाई.) साच्यात आधी जेलकोट नावाचा रंगीत थर मारतात आणि त्यावर काचेचे थर देत जातात. म्हणजे वस्तू बाहेरून आत अशी घडते. दुकानापुढच्या फायबरच्या छपराला खालून हात लावून पाहा. साच्याकडची बाजू काचेसारखी गुळगुळीत असते आणि आतली खरबरीत, हाताला टोचणारी.

होडीचंही तसंच. अमेरिकेत १९४२ च्या सुमारास रे ग्रीन यांनी फायबरची पहिली छोटी शिडाची होडी केली, तेव्हापासून ही अडचण आहे. बाहेरून देखणी असलेली होडी आतून पाहवत नाही. म्हणून आत लाकूड येतं. प्लायवूडच्या आडव्या भिंती, बसायच्या पेट्या, सागवानी पट्ट्या, छताला अस्तर, बाकांवर गाद्या. होडी कधी कुजत नाही, अशी फायबरची जाहिरात करतात, आणि कवचापुरती ती खरीही आहे. कुजतं ते आतलं. माणसाचा संबंध मात्र त्या आतल्याशीच असतो. हात लाकडावर ठेवायचा, पाठ गादीला टेकायची. कवचाला कोण हात लावतो?

ही होडी माझ्या एका ज्येष्ठ मित्राची. सोळा फुटी, पुढे लहानशी केबिन, मागे दोन बाकं. १९७८ साली त्यांनी ती मुंबईहून जुनीच विकत घेतली आणि ट्रकवर घालून पानशेतला आणली. ते पाटबंधारे खात्यात होते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा नारायण पेठेतलं त्यांचं राहतं घर गेलं. आणि पुढं नव्यानं बांधलेल्या त्याच धरणाच्या पाण्यावर या गृहस्थानं सुट्टीच्या दिवशी होडी फिरवली! का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या पिढीच्या माणसांना असं विचारायची पद्धत नव्हती. शेवटची वीस-एक वर्षं होडी त्यांच्या शेतघराच्या पत्र्याखाली उलट्या-सुलट्या ताडपत्रीत पडून होती. ते गेल्यावर वहिनींनी मला फोन केला. म्हणाल्या, "भावोजी, भंगारवाला आला होता. लोखंडाचं इंजिन नेतो म्हणाला, होडी फुकट दिली तरी नको म्हणाला."

भंगारवाल्याचं बरोबर होतं. लोखंड वितळतं, ॲल्युमिनियम वितळतं, म्हणून त्याला किलोचा भाव आहे. एकदा घट्ट झालेलं रेझिन पुन्हा वितळत नाही. जाळलं तर काळाकुट्ट धूर निघतो, पुरलं तर जसंच्या तसं राहतं. फायबरची जुनी होडी ही अशी चीज आहे, की तिला मरण नाही आणि मागणीही नाही. तोडून टाकायची तरी करवतीनं कापून, ती इतकी खाज सोसून, कुठंतरी नेऊन टाकावीच लागते. मी वहिनींना म्हटलं, कवच चांगलं निघालं तर आतलं करू. नाहीतर विसरून जाऊ.

कवच वाजवून बघतात. माठ घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारतो ना, तसंच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं वीतभर अंतरावर ठोकत जायचं. टणटणीत आवाज आला तर थर एकमेकांना धरून आहेत. बद्द आवाज आला तर आत पाणी शिरलंय किंवा थर सुटलेत. खडूनं खुणा करत गेलो. कवच जवळजवळ सगळं टणटणीत निघालं. बद्द वाजलं ते सगळं आतलं लाकूड, विशेषतः बाकांच्या पेट्या आणि तळाच्या फळ्या.

इथं एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. समुद्राच्या होडीपेक्षा गोड्या पाण्यातल्या होडीचं लाकूड लवकर कुजतं. खाऱ्या पाण्यानं खिळे-स्क्रू जातात, पण मीठ बुरशीला फारसं मानवत नाही. गोडं पाणी, त्यातही पावसाचं साठलेलं पाणी, बुरशीला फार आवडतं. आणि ते शिरतं कुठून? बहुतेक वेळा स्क्रूच्या भोकातून. कारखान्यात प्लायवूडवर रेझिन-काच चढवून ते बंद केलेलं असतं. मग कुणीतरी ग्लास ठेवायला कडी बसवतो, कुणी पंख्यासाठी पट्टी मारतो. एकेक भोक म्हणजे पावसाला दिलेलं एकेक दार. आमच्या होडीत मधल्या काळात कुणा कारागिरानं कुजत चाललेल्या पेट्यांवर सनमायका चिकटवला होता. वरून चकचकीत, आणि खाली ओल कोंडलेली. सनमायका उचकटला तेव्हा खालचं लाकूड ओल्या बिस्किटासारखं हातात आलं.

उचकटण्याचं काम सगळ्यात घाणेरडं आणि सगळ्यात महत्त्वाचं. छताचं अस्तर म्हणजे मागे फोम लावलेलं रेक्झिन. तो फोम इतक्या वर्षांत चिकट भुकटी होऊन गळत होता. अंगभर कपडे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा याशिवाय आत जायचं नाही. फायबरची कुसळं अंगाला लागली तर आधी गार पाण्यानं धुवायची, चोळायचं नाही. काढलेला एकही तुकडा फेकायचा नाही, मग तो कितीही सडलेला असो. प्रत्येकावर नंबर, डावा-उजवा, पुढचं टोक कुठलं याची खूण. कारण तो सडका तुकडाच नव्या तुकड्याचा नकाशा असतो. घाईनं सगळं ओरबाडून काढणारे हौशी लोक मी पाहिलेत. महिनाभरानं त्यांच्यापुढं रिकामी होडी असते, आणि कुठं काय होतं, याचा पत्ता नसतो.

डाव्या बाकाच्या पेटीचं झाकण काढलं, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "साहेब, इथं काहीतरी लिहिलंय." झाकणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे जी बाजू पेटीत राहते तिथं, पेन्सिलीनं बारीक अक्षरात नोंदी होत्या. तारीख, पेट्रोल किती लिटर, इंजिन किती तास चाललं, आणि पाणी कुठवर आलंय. जुलै-ऑगस्टच्या नोंदींत पाण्याचीच जास्त. कुठल्या खडकाला पाणी लागलं, कुठलं झाड अर्धं बुडालं, असं. १९७८ पासून पुढची बारा-तेरा वर्षं. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. वहिनींना बोलावलं. त्या चष्मा लावून उभ्याउभ्या सगळं वाचत राहिल्या. आम्ही दोघं बाहेर चहा प्यायला गेलो.

आता पंचाईत अशी, की ते झाकण वरून पूर्ण कुजलेलं होतं. बाकावर बसायचं म्हणजे भार त्या झाकणावरच. कुजक्या लाकडात पातळ इपॉक्सी जिरवून ते घट्ट करता येतं, आणि तशी औषधं मिळतातही. पण घट्ट होणं वेगळं आणि ताकद येणं वेगळं. माझं या बाबतीत मत पक्कं आहे: ज्यावर माणूस बसणार, ते औषधावर टिकवायचं नाही. लेकीनं परदेशातून फोनवर सांगितलं, कापून फ्रेम करा, मी घेऊन जाईन. मी म्हटलं, चांगले फोटो काढू आणि झाकण नवीन करू. वहिनी म्हणाल्या, "ते झाकण आहे, भावोजी. भिंतीवर टांगून काय करायचंय?" तो विषय तिथंच ठेवला आणि झाकण सावलीत वाळायला लावलं. एक महिना. उन्हात ठेवलं असतं तर पापुद्रे सुटले असते.

दरम्यान बाजार. या कामासाठी लागणारं जवळजवळ सगळं पुण्यात मिळतं, फक्त 'बोटीचं सामान' या नावानं मिळत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जुनं सागवान मिळालं, वाड्यांच्या तुळया-खांब चिरून निघालेलं. पेठांमधले वाडे पडत गेले, तसं हे लाकूड बाजारात येत गेलं. वाईट वाटतं, पण नव्या सागापेक्षा ते कितीतरी पक्कं असतं. प्लायवूड मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावं लागतं. हल्ली स्वयंपाकघरातल्या कपाटांसाठी जो तो 'मरीन प्लाय' म्हणून सांगतो. शिक्का बघायचा: आयएस ७१० असेल तर ते मरीन, ३०३ असेल तर नाही, मग विक्रेता काहीही म्हणो. मरीन प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्याच्या परीक्षेत टिकावा लागतो. मी तुकडा मागून घेतला आणि घरी चक्क पातेल्यात उकळत ठेवला. सौभाग्यवतींनी ते पातेलं परत स्वयंपाकघरात घेतलं नाही.

पितळी स्क्रू आणि बिजागऱ्या बोहरी आळीत. लोखंडी स्क्रू स्वस्त पडतात, पण दोन पावसाळ्यांत सागावर गंजाचे काळे ओघळ दिसायला लागतात आणि ते कधीच जात नाहीत. मूळ पितळी कड्यांपैकी दोन हरवल्या होत्या. तशाच घाटाच्या कड्या जुन्या बाजारात मिळाल्या, त्याही तिसऱ्या रविवारी. जुन्या बाजारात घाई करून चालत नाही, आणि हवी असलेली वस्तू हवी आहे, असं दाखवून तर मुळीच चालत नाही.

मिस्त्रींनी आयुष्यभर फ्लॅटमधली कपाटं केली होती. होडीत पहिल्या दिवशी त्यांनी सवयीनं गुण्या लावला आणि हसून परत पिशवीत टाकला. होडीत काटकोन नसतो. सरळ रेषाही नसते. भिंत जमिनीला मिळते तिथं दोन्ही वळलेल्या असतात. मग आम्ही पुठ्ठा घेतला. पुठ्ठा कवचाजवळ उभा धरायचा, लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला पेन्सिल लावायची आणि ठोकळा कवचाला घासत वरून खाली आणायचा. कवचाचं सगळं वळण पुठ्ठ्यावर उतरतं. त्या रेषेवर कापलं, की पुठ्ठा चपखल बसतो. मग तोच प्लायवर. दोन दिवसांत मिस्त्रींचा हात असा बसला, की ते मला ठोकळ्याला हात लावू देईनात.

नवी भिंत कवचाला घट्ट टेकवायची नसते, हे मात्र मला सांगावं लागलं. सुताराला फट दिसली, की चैन पडत नाही. पण प्लायची कड थेट कवचावर दाबली गेली, तर बाहेरून तिथं उंचवटा दिसतो आणि पुढे तडा जातो. थोडी फट ठेवून ती इपॉक्सीच्या लांबीनं गोलसर भरायची आणि त्यावर काचेच्या पट्ट्या चढवायच्या. इथं जुन्या कवचावर पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सीच वापरलं. ताज्या पॉलिएस्टरला पॉलिएस्टर छान धरतं, पण चाळीस वर्षांच्या जुन्याला ते नीट धरत नाही. आणि प्लायची प्रत्येक कड, प्रत्येक भोक आधी इपॉक्सीनं बुजवायचं, मग पुन्हा बारीक भोक पाडून स्क्रू मारायचा. वेळखाऊ काम आहे. सगळं नोव्हेंबर ते मार्च या काळातच केलं, कारण पावसाळी हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि पुढचा थर बसत नाही. पुण्याच्या थंडीत रात्री ते गोठायला वेळ लागतो, म्हणून सकाळी दहाच्या आत मिश्रण करायचं नाही, असा नियम होता.

पुढच्या टोकाशी होडी तरंगती राहावी, म्हणून बंद कप्प्यात फोम असतो. जुना फोम पाणी पिऊन जड झाला होता. शेजारचा एक तरुण उत्साहानं थर्माकोल घेऊन आला. त्याला एका वाटीत रेझिन घालून त्यात तुकडा टाकून दाखवला. क्षणात विरघळला. गणपतीच्या मखरावर स्प्रेचा रंग मारून ज्यांनी ते मखर खाऊन जाताना पाहिलंय, त्यांना नवल वाटणार नाही. आता २०१८ च्या बंदीनंतर ती मखरंही गेली.

झाकणाचा तोडगा मिस्त्रींनीच काढला. बारा मिलिमीटरचं प्लायवूड म्हणजे पातळ पापुद्र्यांचा थर. कूज वरच्या बाजूनं आलेली, अक्षरं खालच्या पापुद्र्यावर. त्यांनी आधी मला अक्षरांच्या एका कोपऱ्यावर पातळ इपॉक्सी लावून बघायला सांगितलं. लाकूड थोडं काळवंडलं, पेन्सिल हलली नाही. मग पूर्ण बाजूला एक हात दिला, सुकू दिलं, झाकण सपाट पाटावर प्लास्टिक घालून पालथं बसवलं आणि वरची कूज रंध्यानं आणि शेवटी नुसत्या पॉलिश पेपरनं उतरवत नेली. तीन दिवस लागले. शेवटी जेमतेम तीन मिलिमीटरचा, पोळपाटावरच्या पापडासारखा थर उरला. तो नऊ मिलिमीटरच्या नव्या प्लायला खालून चिकटवला. जाडी मूळचीच बारा, त्यामुळे बिजागऱ्याही जुन्या जागी बसल्या. भार नव्या लाकडावर, आणि नोंदी होत्या तिथंच, पेटीच्या आत. वहिनी काही बोलल्या नाहीत. मिस्त्रींना जेवूनच जा म्हणाल्या.

लाकूड आणि फायबर असं एकत्र नांदू शकतं का, असं काही जण विचारतात. उत्तम नांदतं, ओल कोंडली नाही तर. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधलेली नौदलाची 'म्हादेई' अशीच आहे. सीडर लाकडाच्या पट्ट्या आणि त्यांच्या आतून-बाहेरून काच व इपॉक्सी. त्याच नौकेतून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिले भारतीय.

पॉलिशवरून थोडा वाद झाला. मिस्त्रींना चपडीचं पॉलिश हवं होतं. त्याची झळाळी खरंच दुसऱ्या कशाला नाही. पण चपडीवर पाण्याचा थेंब राहिला, की पांढरा डाग पडतो. होडीत ते कसं चालेल? शेवटी वार्निश, पण एकदम जाड नाही. पहिला हात निम्मा थिनर घालून पातळ, लाकडात जिरणारा, मग दर वेळी हलका कागद मारून पाच हात. सागाला मुळातच तेल असतं. वार्निश किंवा सरस लावण्याआधी थिनरच्या फडक्यानं ते पुसलं नाही, तर वर्षभरात पापुद्रे निघतात. छताला पुन्हा फोमचं अस्तर लावलं नाही. अरुंद पट्ट्या मारल्या आणि मध्ये बोटभर फटी ठेवल्या. दिसायला मूळपेक्षा वेगळं झालं, हे मान्य. पण मूळचं चुकीचं असेल तर तेच पुन्हा करण्यात मला अर्थ दिसत नाही.

गाद्या नाना पेठेत झाल्या. तिथले कुशनवाले मोटारींची आसनं शिवण्यात मुरलेले. त्यांना दोन गोष्टी नवीन होत्या. एक, दोरा सुती नको, पॉलिएस्टरचा हवा, कारण सुती दोरा ओलीनं आतूनच कुजतो आणि एक दिवस शिवण उसवते. दुसरी, गादीच्या खालच्या बाजूला रेक्झिन नको, जाळी हवी. शिरलेलं पाणी बाहेर पडलं पाहिजे. बाकाच्या फळीलाही रुपयाएवढी भोकं पाडली. रंग मूळचाच, विटकरी. तो बाजारात मिळेना. चाचांनी गोदामातून एक जुना ताका शोधून काढला आणि आणखी दोन पावसाळ्यांची हमी देणार नाही म्हणाले. वहिनींनी तोच घेतला.

खर्च किती झाला, हे लोक हटकून विचारतात. होडी बाजारात विकली तर येईल त्याच्यापेक्षा बराच जास्त. विकायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर हे काम हातात घेऊ नये. इंजिनाचं अजून बाकी आहे. सुटे भाग मिळत नाहीत, पण ते माझं क्षेत्र नव्हे.

आता होडी त्याच पत्र्याखाली आहे. ताडपत्री अंगाला चिकटणार नाही अशी बांबूवर ताणलेली, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी. पेट्यांची झाकणं बंद ठेवायची नाहीत. प्रत्येकाखाली लाकडाची एक चिपटी अडकवली आहे. शेतावरच्या गड्याला सांगून ठेवलंय, मोठा पाऊस झाला, की तळात स्पंज फिरवायचा आणि किती पाणी निघालं ते कळवायचं. गेल्या ऑगस्टमध्ये त्यानं फोन केला, "दोन तांबे निघालं." एवढं निघालं म्हणजे डेकवरची कुठली तरी कड अजून गळतेय. दिवाळीनंतर बघू.